विद्यापीठात घट्ट काय, सैल काय

२०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने ठरवले की, त्या सत्रातल्या सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. ४७७ परीक्षा आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एवढा तो पसारा होता. परीक्षा सुरू झाल्या तेव्हा या कामाचे कंत्राटही पक्के झालेले नव्हते. कायद्याप्रमाणे परीक्षा संपल्यापासून फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवेत. ती मुदत उलटली. मग कुलपती या नात्याने राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. प्राध्यापकांना तपासणीसाठी मोकळे करायचे म्हणून महाविद्यालयांतले वर्ग काही दिवस बंद ठेवावे लागले, तरी निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढच्या प्रवेशांचे वेळापत्रक विस्कटले, परदेशी निघालेल्या मुलांच्या हाती गुणपत्रिका नव्हत्या. ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

या प्रकरणाचे खापर कोणी तंत्रज्ञानावर फोडले, कोणी घाईवर, कोणी कंत्राटदारावर, आणि शेवटी ते एका माणसावर येऊन थांबले. या प्रत्येक कारणात तथ्य होते. तरीही एक प्रश्न उरतोच. हजारो परीक्षक, शेकडो प्राचार्य आणि परीक्षा विभागात जन्म घालवलेले कर्मचारी ज्या संस्थेत आहेत, तिथे इतका मोठा धोका निर्णय घेतानाच अडवला का गेला नाही? याचे उत्तर शोधायचे तर विद्यापीठ ही कोणत्या जातीची संस्था आहे, तिचे भाग एकमेकांना कसे बांधलेले आहेत, हे आधी पाहायला हवे. संघटनांच्या अभ्यासकांनी गेल्या पन्नास वर्षांत याचा बारकाईने विचार केला आहे. त्या विचाराचा आपल्याकडे उपयोग केला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. विद्यापीठात थोड्याच जागा घट्ट बांधाव्या लागतात, बाकीच्या बहुतेक सैलच राहू द्याव्या लागतात. आपण मात्र नेमके याच्या उलट करत आलो आहोत. कुलगुरूंच्या किंवा प्राचार्यांच्या नेतृत्वाची खरी परीक्षा या जागा ओळखण्यात आहे.

अमेरिकी अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९७६ मध्ये शैक्षणिक संस्थांवर एक निबंध लिहिला. शाळा आणि महाविद्यालये या ‘सैल जोडणीच्या’ संस्था असतात, हे त्यांचे म्हणणे पुढे फार गाजले. आगगाडीचे इंजिन हलले की मागचे सगळे डबे हलतात. शिक्षणसंस्थेत तसे होत नाही. वर्गात काय घडते आणि कार्यालयात काय ठरते, यांचा संबंध असतो, पण तो ढिला असतो. संस्कृत विभागातल्या घडामोडींचा रसायनशास्त्र विभागाला पत्ताही नसतो, आणि त्याने कोणाचे बिघडतही नाही. वाइक यांनी याचे फायदे सांगितले. एका विभागात बिघाड झाला तर तो तिथेच राहतो. एखाद्या शिक्षकाला नवे काही करून पाहायचे असेल तर सगळ्या संस्थेची संमती मिळवत बसावे लागत नाही. वरचा अधिकारी चुकला तरी वर्ग चालू राहतात. याच सुमारास हेन्री मिंट्झबर्ग यांनी विद्यापीठ आणि रुग्णालय यांना एका गटात घातले, कारण दोन्हीकडे मुख्य कौशल्य तळाशी काम करणाऱ्या व्यावसायिकाच्या हाती असते. शस्त्रक्रिया कशी करायची हे रुग्णालयाचा व्यवस्थापक शल्यवैद्याला सांगू शकत नाही. तसेच तुकारामांचा अभंग किंवा अवकल समीकरणे कशी शिकवायची हे कुलगुरू परिपत्रक काढून सांगू शकत नाहीत. ते काम चांगले व्हावे म्हणून चांगला शिक्षक नेमणे, त्याला अवधी देणे आणि त्याच्या बरोबरीच्या माणसांनी त्याचे काम पाहणे, एवढेच मार्ग उपलब्ध असतात.

निर्णय कसे होतात याबद्दलचे सर्वांत धीट विवेचन १९७२ चे आहे. मायकेल कोहेन, जेम्स मार्च आणि नॉर्वेचे योहान ओल्सेन यांनी संगणकावर प्रतिरूप चालवून ‘कचराकुंडी’चे प्रतिमान मांडले. नाव चमत्कारिक असले तरी ते हेटाळणीसाठी दिलेले नव्हते. मार्च यांनी स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत अधिष्ठाता म्हणून काम केले होते. विद्यापीठ आतून कसे चालते हे ते जाणत होते. या तिघांचे म्हणणे असे की, विद्यापीठात समस्या, उपाय, माणसे आणि निर्णयाचे प्रसंग हे चारही प्रवाह आपापल्या गतीने वाहत असतात. एखाद्या बैठकीच्या वेळी ते योगायोगाने एकत्र येतात आणि त्यातून जे बाहेर पडते त्याला आपण निर्णय म्हणतो. आपल्या अधिसभेचे कामकाज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अर्थसंकल्पाच्या चर्चेत वसतिगृहाचे पाणी येते, नव्या अभ्यासक्रमाच्या ठरावात जुन्या नेमणुकीचा वाद शिरतो, कारण त्या दिवशी तोच प्रसंग उपलब्ध असतो. या प्रतिमानातला दुसरा भाग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे : पुष्कळदा उपाय आधी तयार असतो आणि तो समस्येच्या शोधात हिंडत असतो. एखादी संगणकप्रणाली, एखादी मानांकनपद्धत, एखादे नवे पद. परीक्षेचे निकाल उशिरा लागतात ही मुंबईची जुनी समस्या होती, आणि पडद्यावरची तपासणी हा तयार उपाय होता. दोघांची गाठ पडली, पण ती जुळणारी आहे का हे तपासण्याइतका वेळ मध्ये राहिला नाही.

आता आपल्या विद्यापीठांचे वेगळेपण पाहू. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. त्या काळी लंडन विद्यापीठाचे काम परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे होते. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. मुंबई विद्यापीठाने स्वतः शिकवायला विसाव्या शतकात सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठाचा मूळ व्यवहारच परीक्षेचा आहे, आणि शेकडो संलग्न महाविद्यालयांना एकत्र धरून ठेवणारी दोरीही परीक्षाच आहे. रत्नागिरीतल्या आणि मुंबईतल्या महाविद्यालयांत शिकवण्याची रीत, मुलांची भाषा, ग्रंथालयाची अवस्था यांत कितीही अंतर असले तरी प्रश्नपत्रिका एक असते, वेळ एक असते आणि निकाल एकाच दिवशी लागतो. इथे जोडणी घट्ट आहे. प्राध्यापकांच्या संघटनांना हे पक्के ठाऊक आहे. २०१३ मध्ये सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या प्राध्यापकांच्या सेवेचा प्रश्न घेऊन ‘एमफुक्टो’ या त्यांच्या महासंघाने राज्यभर आंदोलन केले, तेव्हा त्यांनी बहिष्काराचे हत्यार परीक्षेच्या कामावर चालवले. वर्ग बंद पडले तर चार दिवस कोणाचे लक्ष जात नाही. परीक्षा अडली की मंत्रालय, न्यायालय आणि प्रत्येक घर जागे होते.

ही घट्ट जागा धोक्याची का असते, हे चार्ल्स पेरो यांच्या १९८४ च्या ग्रंथातून कळते. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात १९७९ मध्ये झालेल्या अपघातापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. यंत्रणा गुंतागुंतीची असेल आणि तिचे भाग घट्ट जोडलेले असतील, तर छोटा बिघाड साखळीसारखा पसरतो आणि कोणाच्या आवाक्यात राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी निरनिराळ्या यंत्रणांचा एक नकाशा काढला. त्यात अणुवीज केंद्र एका कोपऱ्यात आहे. विद्यापीठे गुंतागुंतीची, पण सैल जोडणीची म्हणून वेगळ्या कोपऱ्यात आहेत. ही ढिलाईच त्यांना वाचवते. मुंबईची जुनी तपासणीपद्धत संथ होती, तीत दोषही होते, पण ती विखुरलेली होती. प्राध्यापकांच्या तोंडी ‘कॅप’ म्हणून रुळलेल्या मूल्यमापन केंद्रांवर गठ्ठे जात. एका केंद्रावर परीक्षक कमी आले तर त्या विषयाचा निकाल लांबे, बाकीचे चालू राहत. नव्या पद्धतीत प्रत्येक उत्तरपत्रिका आधी स्कॅन व्हायची, मग ती योग्य विषयाखाली योग्य परीक्षकाकडे जायची, परीक्षकाला यंत्रणेत प्रवेश मिळायचा, गुण परत मध्यवर्ती यंत्रणेत यायचे. यातली एक पायरी अडली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळेच थांबते. विखुरलेले, सावकाश चालणारे काम एका फटक्यात अणुवीज केंद्राच्या कोपऱ्यात नेऊन ठेवले गेले, आणि तेही रंगीत तालीम न करता. पडद्यावरची तपासणी पुढच्या सत्रांतही चालू राहिली, यावरून दिसते की तंत्र मुळात अशक्य नव्हते. घट्ट जोडणीला आगाऊ तयारी, राखीव क्षमता आणि बिघाड लवकर कळवणारी व्यवस्था लागते; तिची उभारणी झालेली नव्हती. रॉबर्ट बर्नबॉम यांनी महाविद्यालयांच्या कारभारावरील १९८८ च्या पुस्तकात प्रमुखाचे मोठे काम हेच सांगितले आहे : प्रत्येक गोष्ट स्वतः हलवत बसण्यापेक्षा, काही बिनसले की लगेच इशारा मिळेल अशी रचना उभी करणे. एखाद्या विद्याशाखेत एक सत्र ही पद्धत चालवून पाहिली असती, तर तो इशारा १७ लाखांऐवजी काही हजार उत्तरपत्रिकांवर मिळाला असता.

जिथे घट्टपणा हवा तिथे अशी ढिलाई राहिली, आणि जिथे सैल सोडायला हवे तिथे गेली काही वर्षे दोऱ्या आवळल्या जात आहेत. शिकवणे आणि संशोधन यांवर अर्ज, नोंदवह्या, गुणतक्ते आणि अहवाल यांचा थर चढत गेला आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’चा हेतू चांगला होता. महाविद्यालयाने स्वतःकडे पाहावे, बाहेरच्या जाणकारांनी येऊन ते पाहणे तपासावे. पण १९७७ मध्ये जॉन मायर आणि ब्रायन रोवन यांनी जे लिहिले ते इथे शब्दशः लागू पडते. ज्या कामाचे मोजमाप अवघड असते त्या संस्था समाजमान्य रचना दर्शनी भागात मांडतात, आणि प्रत्यक्ष काम त्या रचनेपासून अलग ठेवतात. समिती येणार म्हटले की फायली तयार होतात, भिंतींना रंग लागतो, समित्यांची इतिवृत्ते लिहून पूर्ण होतात. वर्गातले शिकवणे यात फारसे सुधारत नाही आणि फारसे बिघडतही नाही. ते आपल्या जागी असते. वाया जातो तो शिक्षकाचा वेळ. कामसू, प्रामाणिक शिक्षकाचा सर्वांत जास्त, कारण फायलीचे कामही तोच नीट करतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो रास्तही आहे. सैल सोडा म्हणजे कामचुकारांना मोकळे रान द्या, असेच ना? तासाला न जाणारे प्राध्यापक, वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या टिपणांवर चालणारे वर्ग, वाङ्मयचौर्य करून मिळवलेल्या पीएच.डी. हे सारे आपल्याकडे आहे, आणि विद्यार्थी त्याची किंमत मोजतो. वाइक यांनीही ही बाजू लपवलेली नाही. सैल जोडणी नव्या कल्पनेला जपते तशीच जुनाट सवयीलाही जपते, हे त्यांच्या त्याच निबंधात आहे. पण यावर बायोमेट्रिक हजेरी आणि आणखी एक तक्ता हा उपाय लागू पडत नाही. हजेरीच्या यंत्राला माणूस आवारात आहे एवढेच कळते. तो शिकवतो का, हे त्याला कळू शकत नाही. ते कळते त्या विषयाच्या दुसऱ्या जाणकाराला आणि समोर बसलेल्या विद्यार्थ्याला. म्हणून नेमणूक, पहिल्या काही वर्षांतली पारख आणि संशोधनातला प्रामाणिकपणा या तीन ठिकाणी कडकपणा हवा, आणि तो समव्यावसायिकांच्या हातून यायला हवा. नेमणुकीतच वशिला आणि पैसा चालला, शेकडो मंजूर पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालवले, तर नंतर कितीही तक्ते भरून घेतले तरी उपयोग नाही.

दुसरा आक्षेप आपल्या इतिहासातून येतो. आपल्याकडच्या मोठ्या संस्था खंबीर माणसांनी उभ्या केल्या, त्या काही सैल कारभारातून उभ्या राहिल्या नाहीत, असे म्हटले जाते. हे अर्धे खरे आहे. बर्टन क्लार्क यांनी १९७० च्या सुमारास रीड, अँटिऑक आणि स्वार्थमोर या तीन अमेरिकी महाविद्यालयांचा अभ्यास करून दाखवले की, संस्थेला वेगळेपण देणारा नेता सुरुवातीला असतो हे खरे, पण ते वेगळेपण टिकते ते शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ती कहाणी आपली मानल्यामुळे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, तिचे केंद्र साताऱ्यात आले, आणि १९४७ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. कर्मवीर १९५९ मध्ये गेले. ‘कमवा आणि शिका’ मात्र राहिले, कारण तो हुकूम नव्हता. शेतावर राबून शिकलेल्या मुलांच्या आणि त्यांच्या शिक्षकांच्या अंगवळणी पडलेली ती रीत होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा मार्ग आणखी वेगळा. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत कारभार आजीव सदस्यांच्या, म्हणजे शिकवणाऱ्यांच्याच हाती होता. २० वर्षे तुटपुंज्या पगारावर शिकवायचे असे त्यांचे बंधन असे. आगरकर, गोखले, रँग्लर परांजपे ही माणसे या रचनेत उभी राहिली. तिची किंमतही मोजावी लागली : बाहेरच्या मिळकतीवरून आणि त्यागाच्या अर्थावरून आजीव सदस्यांत फूट पडली आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. बरोबरीच्या माणसांचा कारभार भांडणाशिवाय चालत नाही. संस्थेचे फर्ग्युसन महाविद्यालय ते भांडण पचवून टिकले, कारण ध्येयाचे बंधन घट्ट होते आणि वर्गात प्रत्येकाला मोकळीक होती.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. हे सगळे सिद्धान्त अमेरिकेच्या विद्यापीठांवरून काढलेले आहेत. तिथल्या अध्यक्षाला विश्वस्त मंडळ नेमते, पैसा आणि नेमणुका बऱ्याच अंशी संस्थेच्या हाती असतात. आपल्या अनुदानित महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एकाच वेळी संस्थाचालक, विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक आणि विद्यापीठ अनुदान आयोग अशा चार ठिकाणी उत्तर द्यावे लागते. शिपायाचे रिकामे पद भरायलाही शासनाची परवानगी लागते. कुलगुरूंची नेमणूक शोध समितीच्या यादीतून कुलपती करतात, आणि त्या नेमणुकीभोवती कोणते राजकारण चालते हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा परदेशी सिद्धान्त जसाच्या तसा उचलून चालणार नाही, हे मान्यच करावे लागेल. पण तो पारखून घेतला तर आपल्या अडचणीचा पत्ता आणखी नेमका लागतो. क्लार्क यांनीच १९८३ मध्ये दाखवले की, कोणत्याही देशातले उच्चशिक्षण राज्यसंस्था, बाजार आणि विद्वानांचा समुदाय या तीन शक्तींच्या ओढाताणीत असते. आपल्याकडे पहिली शक्ती फार बलवान आहे, दुसरी खासगी विद्यापीठांतून झपाट्याने वाढते आहे, आणि तिसरी खंगली आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारवर आणल्या आणि अधिष्ठाता पूर्णवेळ नेमलेले केले. निवडणुकीतले गट-तट कमी व्हावेत हा उद्देश समजण्यासारखा होता, पण नेमलेल्या माणसाची नजर नेमणाऱ्याकडे वळते. विद्वानांच्या समुदायाचे जे थोडे वजन होते तेही त्यामुळे हलके झाले.

मग अशा चौकटीत कुलगुरूंनी करावे तरी काय? कोहेन आणि मार्च यांनी १९७४ च्या पुस्तकात महाविद्यालयप्रमुखांना दिलेले सल्ले साधे आहेत. एखाद्या प्रश्नाला वेळ द्या, कारण बहुतेकांकडे तो नसतो. हरलेला मुद्दा सोडू नका, पुढच्या बैठकीत परिस्थिती बदललेली असते. मान इतरांना घेऊ द्या आणि काम पदरात पाडून घ्या. विरोधकांना कामात सामील करून घ्या, म्हणजे अडचणी त्यांनाही कळतात. गाजावाजा न करता लहान बदल करा. पाच वर्षांच्या एका मुदतीत नाव करून जायची घाई असलेल्या माणसाला यांतला एकही सल्ला पटणार नाही, आणि आपली निवडपद्धत अशाच घाईला बढती देते. शोध समितीपुढे उमेदवार भविष्याचे भव्य चित्र सादर करतात. त्याऐवजी त्यांना परीक्षा विभागाची मांडणी कशी कराल, तिथला बिघाड तुम्हाला किती दिवसांत आणि कोणाकडून कळेल, शिक्षकांवरचे कोणते तीन अहवाल तुम्ही बंद कराल, असे विचारले तर उत्तरांवरून माणूस चांगला ओळखू येईल.

हे प्रश्न आता कुलगुरूंपुरते राहिलेले नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संलग्नतेची पद्धत संपवायचे ठरवले आहे. महाविद्यालये स्वायत्त होत चालली आहेत. स्वायत्त महाविद्यालयात अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, तपासणी आणि निकाल हे सगळे घरात येते, पदवी तेवढी विद्यापीठाची राहते. विद्यापीठाकडे असलेली घट्ट जागा आता प्राचार्यांच्या दाराशी येऊन ठेपली आहे, आणि तिच्याबरोबर शिकवण्याची मोकळीकही. अनेक ठिकाणी परीक्षा नियंत्रकाचे काम तास घेणाऱ्याच एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात जास्तीचा भार म्हणून पडते. त्या कामाला पूर्णवेळ माणूस, गोपनीय कामासाठी स्वतंत्र खोली आणि पहिली दोन वर्षे जुन्या पद्धतीशी ताडून पाहायची मुभा, एवढे तरी संस्थाचालकांनी स्वायत्ततेचा अर्ज पाठवण्याआधी द्यावे. आणि नव्याने हाती आलेला अभ्यासक्रम विभागातल्या शिक्षकांना खरोखर स्वतः लिहू द्यावा, विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमाची नावे बदलून नव्हे.